आकाशाची जमाबंदी
(निझामिया वेधशाळेच्या कार्याविषयी काही विचार)

निझामाच्या राजवटीविषयी मराठवाड्यातील घराघरांतून जे बोलले जाते, त्यात आकाशाला जागा नसते; आणि ते साहजिकच आहे. ज्या लातूर शहराने कासीम रझवीची वकिली पाहिली व पुढे त्याच गृहस्थाची रझाकारीही पाहिली, ज्या मुलुखात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत रामानंद तीर्थांनी मुलांना धडे दिले, त्या मुलुखाने १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या दिवसांचे स्मरण सारा, जुलूम आणि लढा ह्या तीन शब्दांत करावे, ह्यात नवल ते काय? तथापि इतिहास लिहू पाहणाऱ्याने जमाखर्चाची दोन्ही पाने वाचली पाहिजेत. ह्याच राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद ह्या पाच मराठी जिल्ह्यांतील काळ्या जमिनीने भरलेल्या साऱ्यातूनही, हैदराबादजवळ बेगमपेठ येथे आकाशातील ताऱ्यांची एक प्रचंड मोजणी सुमारे तीस वर्षे चालली होती. ती पुरी झाली १९४६ साली. आणि तिची नोंद मराठी वाचकांच्या कानी क्वचितच आली आहे. ह्या मोजणीतून काय निष्पन्न झाले, तिचा प्रभाव कोणावर पडला, आणि तिला आपण आपली म्हणावी काय, ह्या तीन प्रश्नांचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ एका सरदाराच्या हौसेतून झाला. पायगा घराण्यातील नवाब जफर जंग हे इंग्लंडात शिकून आलेले गृहस्थ. त्यांनी १९०१ साली विलायतेहून पंधरा इंच व्यासाच्या भिंगाची ग्रब कंपनीची दुर्बीण आणविली, हैदराबादच्या फिसलबंडा भागात आपल्या जागेत तिच्यासाठी सोय केली, आणि वेधशाळेला निझामाचे नाव देण्याची परवानगी मागितली. श्रीमंतांच्या दुर्बिणी बहुधा मालकाबरोबरच विसावतात. जफर जंग १९०७ साली वारले, तेव्हा ह्याही दुर्बिणीचे तेच व्हावयाचे. परंतु त्यांच्या इच्छेनुसार १९०८ साली राज्य सरकारने वेधशाळा आपल्या ताब्यात घेतली आणि तिचा कारभार, वाचकांस गंमत वाटेल, अर्थखात्याकडे सोपविला. शेतसाऱ्याचे हिशेब पाहणाऱ्या खात्याच्या पदरी तारे आले! पुढे १९१९ साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. पण आमच्या मते अर्थखात्याकडे ती असणेच अधिक समर्पक होते. कारण जे काम तिने पत्करले ते शब्दशः आकाशाच्या जमाबंदीचे काम होते.

ते काम काय होते हे नीट समजावयास थोडे मागे गेले पाहिजे. १८८७ साली पॅरिस येथे, तेथील वेधशाळेचे संचालक अ‍ॅडमिरल मूशे ह्यांच्या पुढाकाराने, निरनिराळ्या राष्ट्रांतील ज्योतिर्विदांची परिषद भरली. छायाचित्रणाची कला तेव्हा नुकतीच आकाशाला लागू पडू लागली होती. डोळा थकतो, काच थकत नाही. डोळ्याला दिसलेले विसरते, काचेवर उमटलेले राहते. तेव्हा सर्व आकाशाचे काचेवर चित्र घ्यावे आणि अकराव्या प्रतीपर्यंतच्या सर्व ताऱ्यांची स्थाने मोजून त्यांची एक यादी करावी, असा ठराव झाला. (नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपलीकडचा तारा दिसत नाही, अकराव्या प्रतीचा तारा त्याच्याहूनही शंभरपट मंद असतो.) हे काम कोणा एकाच्या आवाक्यातील नव्हते. म्हणून आकाशाचे आडवे पट्टे पाडण्यात आले, आणि एकेक पट्टा एकेका वेधशाळेने वाटून घेतला: ग्रीनविच, ऑक्सफर्ड, व्हॅटिकन, पॅरिस, अल्जीयर्स, केप, सिडनी, कोर्दोबा इत्यादी. सर्वांची दुर्बीण एकाच प्रमाणाची, म्हणजे काचेवरील एक मिलीमीटर हा आकाशातील एका कलेबरोबर यावा अशी. प्रत्येक काच दोन अंश लांब व दोन अंश रुंद आकाश टिपणार. तिच्या एका बाजूवर ओळीने चार पूर्ण चंद्र मावावेत, एवढी. काचांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या, म्हणजे प्रत्येक तारा किमान दोन काचांवर यावा व एकीची चूक दुसरीने पकडावी.

ह्या वाटणीत खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा चिली देशातील सांतियागोच्या वाट्याला आला होता. सांतियागोकडून काम झाले नाही. वीस वर्षे तो पट्टा, आमच्याकडे एखादी शेरी पडीक राहावी तसा, पडून होता. हैदराबाद सरकारने १९०८ साली वेधशाळा घेतली तेव्हा हाच पट्टा मागून घेतला. दुसऱ्याने टाकलेले रान कसावयास घेणे ह्यात मानापेक्षा कष्ट अधिक, हे शेतकऱ्यास सांगणे नलगे; पण ह्यामुळे एक गोष्ट घडली. सबंध आशिया खंडातून ह्या सार्वभौम मोजणीत सामील झालेली वेधशाळा ही एकच ठरली.

आमच्या वाचकांपैकी ज्यांस पंचांग पाहण्याची सवय आहे त्यांना हा पट्टा परका नाही. व्याधाचा तेजस्वी तारा त्याच्या अगदी उत्तर कडेशी आहे. हस्त नक्षत्राचा बराचसा पंजा त्यात येतो. अनुराधेच्या तीन ठळक ताऱ्यांपैकी दोन त्यात सापडतात. लातूरहून पाहिले असता हा पट्टा दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे पन्नास अंशांवरून जातो, म्हणजे मान फारशी न वळविता उन्हाळ्याच्या रात्री अंगणातल्या बाजेवरून दिसावा इतका सोयीचा. युरोपच्या वेधशाळांना मात्र तोच क्षितिजाच्या धुरकट कडेशी गाठावा लागला असता. दख्खनच्या अक्षांशाने जे फुकट दिले होते ते वापरण्याचे शहाणपण हैदराबादला सुचले, एवढे श्रेय अर्थखात्याला देण्यास हरकत नाही.

पहिले संचालक आर्थर चॅटवुड ह्यांच्या कारकीर्दीत, १९०८ ते १९१४ ह्या काळात, वेधशाळा शहराच्या गर्दीतून बेगमपेठेस हलली आणि छायाचित्रणासाठी कुक कंपनीची आठ इंची दुर्बीण उभी झाली. जफर जंगांची मोठी दुर्बीण ह्या वेळी अडगळीत होती. ती १९२२ पर्यंत कामास लागली नाही. सरदाराने हौसेने आणलेले यंत्र पडून राहावे आणि त्याच्याहून लहान, साध्या यंत्राने सगळे नाव मिळवावे, ह्यातील खोच वाचकांनीच पाहावी. १९१४ साली ऑक्सफर्डचे प्राध्यापक टर्नर ह्यांच्या तालमीत तयार झालेले रॉबर्ट पोकॉक संचालक म्हणून आले, आणि काचा भराभर घेतल्या जाऊ लागल्या. युरोपात महायुद्ध पेटले होते. तिकडच्या कित्येक वेधशाळा थंडावल्या असता बेगमपेठेत मोजणी चालू राहिली. १९१८ साली पोकॉक वारले.

येथे क्षणभर थांबून पुण्याकडे पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचे महत्त्व ध्यानी येणार नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीने व मुंबई सरकारच्या साहाय्याने एक वेधशाळा निघाली होती. तिचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे विलक्षण बुद्धीचे गृहस्थ होते. त्यांच्याजवळ ग्रबची वीस इंची आरशाची दुर्बीण होती आणि तिच्या तोडीची दुर्बीण तेव्हा हिंदुस्थानात दुसरी नव्हती. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटावरून त्यांनी लॉकियरसारख्या बड्या ज्योतिर्विदाच्या उल्कावादास प्रत्यक्ष वेधाने उत्तर दिले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे त्यांनी तळ दिला होता. बुद्धीच्या, कल्पकतेच्या व यंत्राच्या, कोणत्याही मापाने पुणे हैदराबादच्या पुढे होते. आणि झाले काय? १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. एक माणूस गेला, एक संस्था गेली.

हैदराबादेत १९१८ साली संचालकाचा मृत्यू झाला, आणि दुसऱ्या दिवशी तीच दुर्बीण त्याच पट्ट्याकडे वळली. आता सूत्रे टी. पी. भास्करन् ह्यांच्या हाती आली. ते ह्या पदावर बसलेले पहिले हिंदी संचालक. १९४४ पर्यंत, सव्वीस वर्षे, त्यांनी एकच काम केले असे म्हणता येईल: बदलले नाही. आपल्याकडे हे गुणवर्णन सहसा कोणास मिळत नाही. नव्या संचालकाने जुन्याची योजना बाजूस सारून आपली पाटी लावावी ही रीत शाळेपासून संस्थानापर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. भास्करन् ह्यांनी पोकॉकच्या काचा पुऱ्या केल्या. पोकॉकच्या पद्धतीने त्या मोजविल्या. तसेच छापविल्या. त्यांचे काम वाचून कोणाच्या अंगावर रोमांच उभे राहिले नसतील.

मोजणी म्हणजे काय, ह्याची कल्पना यावी म्हणून थोडे तपशिलात शिरतो. दक्षिणेच्या पट्ट्यात अंशाअंशाला एक अशा सात ओळी, आणि प्रत्येक ओळीत एकशे ऐंशी काचा. म्हणजे एकूण १,२६०. हे छायाचित्रण १९१४ पासून १९२९ पर्यंत चालले. पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले, पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री उजेडाच्या. उरलेल्या रात्रींतील प्रत्येक घटका मोलाची. काच घेतल्यावर तीवर पाच पाच मिलीमीटरच्या चौकटींची जाळी प्रकाशाने उमटवावयाची, मग ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रत्येक तारा आपल्या चौकटीच्या कडांपासून आडवा किती व उभा किती, हे वाचावयाचे. एका काचेवर चारशेच्या आसपास तारे. चूक किती चालावी? ह्या सार्वत्रिक मोजणीतील एका ताऱ्याच्या स्थानाची अचूकता सर्वसाधारणपणे एका विकलेच्या तिसऱ्या हिश्शाइतकी आहे, म्हणजे काचेवर मिलीमीटरचा दोनशेवा भाग. पाटीवरच्या हिशेबाने नव्हे, डोळ्यांनी! दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष.

दक्षिणेचे काम आवरत आले तोच दुसरे चालून आले. जर्मनीतील पोट्सडाम वेधशाळेला उत्तरेचा ३२ ते ३९ अंशांचा पट्टा मिळाला होता. तो तिने अपुरा टाकला. त्यातील ३६ ते ३९ अंशांचा भाग हैदराबादने उचलला आणि १९२८ ते १९३८ ह्या दहा वर्षांत त्याच्या ५९२ काचा घेतल्या. चिलीने टाकलेले एक रान आणि जर्मनीने टाकलेले दुसरे, दोन्ही दख्खनने नांगरली. ह्या दुसऱ्या पट्ट्यात आपला अभिजित येतो. हंस ह्या तारकासमूहातील एकसष्टावा ताराही येतो. १८३८ साली बेसेलने सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचे अंतर प्रथम मोजले तो हाच मंद तारा, वर्षाला पाच विकलांहून अधिक सरकणारा. त्याच्याकडे पाहून आपणांस काही वाटत नाही, कारण तो डोळ्याला जेमतेम दिसतो.

सर्व मिळून बारा खंड झाले. त्यांत ताऱ्यांच्या स्थानांच्या ७,६३,५४२ नोंदी आहेत. शेवटचा खंड १९४६ चा.

हे खंड कोणी मोजले? संचालकांची नावे आम्ही दिली. परंतु संचालक सूक्ष्मदर्शकास डोळा लावून सात लक्ष आकडे वाचीत नाही. ते काम वेधशाळेतील साहाय्यकांनी, तुटपुंज्या पगाराच्या कारकुनी पायरीवरील माणसांनी केले. व्हॅटिकनच्या वेधशाळेत हेच काम करणाऱ्या चार ख्रिस्ती साध्वींची नावे २०१६ साली उजेडात आली आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांचे कौतुक केले. ते योग्यच झाले. हैदराबादच्या मोजणीदारांची नावे मात्र कोणाच्या तोंडी नाहीत. एका साहाय्यकाचे नाव तेवढे सांगता येते, तेही मुलामुळे. त्यांचे नाव एम. के. बाप्पू. त्यांचा मुलगा वेणू बाप्पू ह्याचे बालपण व शिक्षण ह्या वेधशाळेच्या सावलीत झाले. विद्यार्थिदशेतच त्याने येथे रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेतले. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो हार्वर्डला गेला आणि १९४९ साली तेथे एक नवा धूमकेतू शोधून त्याला आपले नाव जोडून आला. १९५७ साली विल्सन ह्यांच्याबरोबर त्याने मांडलेला, ताऱ्याच्या वर्णपटातील रेषेच्या रुंदीवरून त्याचे खरे तेज ओळखण्याचा नियम आज सर्व ज्योतिर्विदांच्या उपयोगाचा आहे. १९६० साली कोडाईकनालची सूत्रे हाती घेऊन त्याने स्वतंत्र भारताच्या वेधशास्त्राची घडी बसविली. निझामिया वेधशाळेचा सर्वांत मोठा प्रभाव तिच्या बारा खंडांत शोधावा की ह्या एका मुलात, हा वाद आम्ही निकालात काढू इच्छीत नाही. परंतु बारा खंडांचे कंटाळवाणे काम चालू नसते तर वडील त्या आवारात नसते, आणि मुलाच्या हाती दुर्बीण आली नसती, हे उघड आहे.

आता दुसरी बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. ही सर्व मोजणी व्यर्थ होती असे म्हणणारे लोक थोडे नव्हते आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्योतिःशास्त्राची दिशा पालटली. तारा कोठे आहे ह्याऐवजी तारा काय आहे, हा प्रश्न पुढे आला. अमेरिकेतील माउंट विल्सनच्या मोठ्या दुर्बिणी ह्या नव्या प्रश्नामागे लागल्या आणि विश्वाचा विस्तार त्यांनी उघड केला. युरोपातील कित्येक वेधशाळा मात्र १८८७ च्या वचनात अडकून पडल्या. खुद्द हिंदुस्थानात मेघनाद साहांनी १९२० साली आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि १९३० साली चंद्रशेखर ह्यांना श्वेत बटूंच्या वस्तुमानाची मर्यादा सापडली. ह्याच वर्षांत बेगमपेठेत काचेवरचे ठिपके मोजले जात होते! पॅरिसच्या परिषदेने यादीबरोबर चौदाव्या प्रतीपर्यंतचा एक महान नकाशाही योजिला होता. तो तर कधीच पुरा झाला नाही. आणि १९७० साली आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विदांच्या संघाने सर्व योजनाच गुंडाळली. ताऱ्यांची यादी पुरी झाली, परंतु तिच्यात स्थाने काचेच्या चौकटींच्या भाषेत, प्रत्येक वेधशाळेच्या आपापल्या मापाने दिलेली. ती वापरावयास कोणी धजेना. बारा खंड ग्रंथालयांत धूळ खात पडले. १९७० साली कोणी आम्हास विचारले असते तर आम्हीही बहुधा टीकाकारांच्या बाजूने मत दिले असते.

परंतु काळाने निकाल फिरविला, आणि तो ज्या कारणाने फिरला ते फार मौजेचे आहे. स्थिर म्हणून आपण ज्यांस ओळखतो ते तारे स्थिर नाहीत. प्रत्येकास आपली अशी गती आहे. मात्र आपणांस ती इतकी सूक्ष्म दिसते की बहुतेक तारे शंभर वर्षांत एक विकलाही सरकत नाहीत. ही गती मोजावयाची तर उत्तम दुर्बीण पुरत नाही. दोन वेध लागतात आणि दोहोंमध्ये दीर्घ काळ लागतो; आणि काळ विकत मिळत नाही. १९८९ साली युरोपने हिपार्कस नावाचा उपग्रह आकाशात सोडला. त्याच्या वेधांनी ताऱ्यांची आजची स्थाने अपूर्व अचूकतेने मिळाली, आणि त्याची यादी १९९७ साली प्रसिद्ध झाली. पण कालची स्थाने कोठून आणावयाची? ज्योतिर्विद जुन्या कपाटांकडे धावले. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने वीस वेधशाळांच्या त्या जुन्या खंडांतील सर्व आकडे यंत्रात भरले, हिपार्कसच्या आधारे त्यांस एकाच मापात आणले, आणि सुमारे शेहेचाळीस लक्ष ताऱ्यांची एकत्र यादी सिद्ध केली. तिच्यात १७ ते २३ अंशांचा दक्षिण पट्टा हैदराबादचा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ नामक यादीत पंचवीस लक्षांहून अधिक ताऱ्यांच्या गती दिल्या गेल्या, त्या ह्या जुन्या यादीच्या व आणखी १४३ याद्यांच्या साहाय्याने. आणि त्यांची अचूकता वर्षाला एका विकलेच्या चारशेव्या भागापर्यंत पोहोचली. पोकॉक व भास्करन् ह्यांच्या काचा आणि हिपार्कसचे वेध ह्यांच्यामध्ये सुमारे पन्नास ते पंचाहत्तर वर्षे होती. तीच त्यांची खरी किंमत. मोजणीदारास ती मिळणे शक्य नव्हते, कारण ती जन्मास येण्यापूर्वी तो वारलेला असणार.

अतिशयोक्ती टाळावी म्हणून हेही सांगितले पाहिजे की ह्या खंडांचे राज्य फार काळ टिकले नाही. २०१३ च्या अखेरीस उडालेल्या गाया उपग्रहाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची स्थाने व गती दहा वर्षांत स्वतःच मोजल्या आणि जुन्या काचांची गरज बहुतांशी संपविली. शतकभर रेंगाळणाऱ्या जोडताऱ्यांसारख्या थोड्या ठिकाणी त्या अजून साक्ष देतात. साक्षीदाराने एकदा न्यायालयात उभे राहून खरे सांगितले, तरी त्याचे काम झाले.

ह्या सर्वांत मराठवाड्याचा वाटा कोणता? पैशाचा वाटा सांगितलाच. परंतु आमच्या मनात एक दुसरी गोष्ट घर करून आहे. १९३८ साली, म्हणजे उत्तरेच्या पट्ट्याचे छायाचित्रण पुरे झाले त्याच वर्षी, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून रणे माजली आणि शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेर काढण्यात आले. त्यांत मराठवाड्याची मुले पुष्कळ होती. कित्येकांनी नागपूरची वाट धरून शिक्षण पुरे केले. वेधशाळा त्याच विद्यापीठाची. एकाच संस्थेने आमच्या मुलांस दार बंद केले आणि आमच्याच पैशाने अभिजिताचे स्थान जगासाठी मोजून ठेवले. ह्यांपैकी एक आठवून दुसरे विसरावे, असे आम्हास वाटत नाही. आणि दुसऱ्याच्या नावाखाली पहिले झाकावे, हे तर मुळीच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, व त्या एकाच खातेवहीत शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत.

शिवाय ज्योतिःशास्त्र ही मराठवाड्यास कोणी बाहेरून आणून दिलेली वस्तू नव्हे. गोदेकाठच्या पार्थपुरात, म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या मते आजच्या पाथरीत, ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' रचला. गोदेकाठच्याच गोलग्रामातील दैवज्ञ कुळ पुढे काशीस गेले आणि त्यातील कमलाकराने १६५८ साली तेथे 'सिद्धांततत्त्वविवेक' लिहिला. आमची बुद्धी ही अशी काशीस जाऊन फळास येत असे. विसाव्या शतकात मात्र एका मराठी माणसाने हैदराबादेतच ही परंपरा पुढे नेली. इंदुरास १९२८ साली जन्मलेले कृष्ण दामोदर अभ्यंकर हे १९५९ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले व पुढच्याच वर्षी उस्मानियात रुजू झाले. भास्करन् ह्यांच्यानंतरचे संचालक अकबर अली ह्यांनी मोठ्या दुर्बिणीचा जो संकल्प सोडला होता तो अभ्यंकरांच्या काळात सिद्धीस गेला: हैदराबादपासून पन्नासेक किलोमीटरवर जपाल व रंगापूर ह्या गावांजवळ १९६८ साली अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण नेमके त्या वेधशाळेवरून गेले, हा योग कोणत्याही ज्योतिषाने काढून दिला नव्हता. जोडताऱ्यांच्या अभ्यासाबरोबर अभ्यंकरांनी वेदांगज्योतिष व आपली पंचांगे ह्यांवरही लिहिले. ठिपके मोजणाऱ्या वेधशाळेस त्यांच्या पिढीने ताऱ्यांचे अंतरंग शोधावयास लावले. पण विद्यार्थी, ग्रंथालय व वेध घेण्याची शिस्त हे भांडवल जुन्याच मोजणीचे होते.

बेगमपेठचे आवार आज अर्थ व समाज ह्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधनसंस्थेच्या पत्त्यात टिकून आहे. 'निझामिया ऑब्झर्व्हेटरी कॅम्पस' असे त्या पत्त्यात लिहितात. जुना घुमट जीर्ण झाला आहे, भोवतालच्या शहराच्या दिव्यांत अनुराधेचे तारेही आता कष्टाने दिसावेत. मराठवाड्यात मात्र नवे काम निघाले आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांचे हे यंत्र दुर्बीण नव्हे आणि त्याच्याशी काचेच्या ठिपक्यांचे नाते दूरचे. तरी तेथेही अमेरिका, इटली, जपान येथील यंत्रांबरोबर एकाच मापाने, वर्षानुवर्षे, रात्रंदिवस नोंद ठेवावी लागणार आहे. औंढ्याच्या पंचक्रोशीतील मुले तेथे नोकरीस लागतील तेव्हा त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही शोधनिबंधाच्या शिरावर येणार नाहीत.

म्हणून एक लहानशी सूचना करून थांबतो. मराठवाड्यातील विद्यापीठांपैकी दोन येथे घेऊ, एक छत्रपती संभाजीनगरास व दुसरे, रामानंद तीर्थांच्या नावाचे, नांदेडास. हैदराबादच्या बारा खंडांची एकेक प्रत, मूळ मिळाल्यास मूळ, न मिळाल्यास छायाप्रत, ह्या दोन्ही ग्रंथालयांत असावी. आणि औंढ्याची वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिच्याही ग्रंथालयात एक संच असावा. खंड जाड आहेत, आकड्यांनी भरलेले आहेत, आणि त्यांस वाचक मिळणार नाहीत. कपाटाची एक फळी पुरेल.